क्रेटमधून गादीवर: कुत्र्याची झोपायची जागा बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यासाठीच्या दार असलेल्या पिंजऱ्यात, झोपणाऱ्या कुत्र्याला गादीवर आणायचं म्हणजे खरं तर दोन कामं असतात. पहिलं काम नव्या अंथरुणाची ओळख करून देण्याचं, आणि ते बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत चटकन होतं. दुसरं काम म्हणजे घरातले सगळे झोपलेले असताना खोलीत मोकळं राहायला शिकवणं. घोडं अडतं ते इथे. म्हणून खालच्या उत्तरांत गादीपेक्षा मोकळ्या खोलीबद्दल जास्त लिहिलं आहे.

क्रेट सोडवायलाच हवा का?

नाही. कुत्रा आपणहून आत जाऊन निवांत झोपत असेल, आत नीट उभं राहून वळता येत असेल, पाय ताणून पडता येत असेल, तर क्रेट काढून घ्यायचं काही कारण नाही. ‘आता मोठा झाला, किती दिवस पिंजऱ्यात ठेवायचा?’ असं वाटणं साहजिक आहे, पण त्याला ती जागा हक्काची वाटत असेल तर आपली दया त्याच्यावर लादू नये. दार बंद करणं मात्र थांबवता येतं. बऱ्याच घरांत तेवढ्यावरच भागतं: क्रेट जागच्या जागी आणि दार कायम उघडं.

कुत्रा क्रेटमध्ये मावेनासा झाला, आत शिरताना त्याचे सांधे दुखायला लागले, किंवा आत उकडतं म्हणून तो रात्रभर धापा टाकतो, अशा वेळी बदल खरंच करावा लागतो.

कोणत्या वयात हा बदल करावा?

ठरावीक वय नाही. साधारणपणे लहान जातींचे कुत्रे वर्षभराचे झाल्यावर आणि मोठ्या जातींचे दीड-दोन वर्षांचे झाल्यावर यासाठी तयार होतात. त्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण शूचं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवून जो आकडा येईल तितके तास ते शू धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३ महिन्यांचं पिल्लू फार तर ४ तास. तेही रोज जमेलच असं नाही. दुसरं कारण दातांचं. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ दात यायला ६ ते ७ महिने लागतात आणि तोवर हिरड्या शिवशिवतात. पण दात आले की चावणं थांबतं, ही समजूत चुकीची आहे. त्यानंतर कुत्रा वयात येतो. या काळात अंगात ताकद पूर्ण आलेली असते, संयम मात्र आलेला नसतो. सोफ्याचे कोपरे जातात ते याच महिन्यांत. आठ महिन्यांचा कुत्रा ‘किती शहाणा झालाय’ म्हणून एकदम मोकळा सोडावा असं मला तरी वाटत नाही.

तो तयार आहे हे कसं ओळखायचं?

वय बाजूला ठेवून त्याच्याकडे बघा. गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात शू-शी झालेली नाही. चावायचं असलं तर तो स्वतःचं खेळणं शोधतो. तुम्ही शेजारच्या खोलीत गेलात तरी मागे उद्योग न करता पडून राहतो. क्रेटमध्ये रात्र शांत जाते.

यातली शेजारच्या खोलीची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. मोठा कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो, पण सलग नाही. तुकड्यातुकड्यानं झोपतो, रात्रीतून कितीतरी वेळा उठतो, अंग झटकतो, जागा बदलतो आणि पुन्हा डोळे मिटतो. क्रेटमध्ये या मधल्या जागेपणी करण्यासारखं काही नसतं. मोकळ्या खोलीत टेबलाचा पाय असतो, चपला असतात, लोंबकळणारी वायर असते. त्या दोन-चार मिनिटांत तो काय करतो, यावर सगळं ठरतं. दिवसा तुम्ही समोर नसताना तो पुन्हा आडवा होत असेल, तर रात्रीही होईल.

सुरुवात कुठून करायची?

दिवसापासून. आणि एका वेळी एकच बदल.

गादी आणली की ती क्रेटच्या दाराशी टेकवून ठेवा आणि क्रेटमधलं जुनं पांघरूण न धुता तिच्यावर पसरा. आपल्याला तो वास नकोसा वाटतो, पण त्याच्यासाठी ‘झोपायची जागा’ म्हणजे तोच वास. नवी गादी साबणाच्या उग्र वासात धुऊन ठेवली तर काही कुत्रे तिला नुसती हुंगून निघून जातात.

मग गादीवर काहीतरी चांगलं घडू द्या. तो आपणहून पाय ठेवेल तेव्हा खाऊचा एक तुकडा त्याच्या पुढच्या पंजांच्या मध्ये ठेवा. हातातून भरवू नका, कारण हातातून दिला की तो उठून हाताच्या मागे येतो. पंजांत ठेवला की मान खाली जाते आणि पाठोपाठ अंगही. बसला की अजून एक, आडवा झाला की दोन-तीन, सावकाश. ‘जागेवर’ हा शब्द तो स्वतः तिथे जायला लागल्यावरच जोडा. उठायची मोकळीक देणारा शब्दही हवा. ‘चल’ असेल, ‘झालं’ असेल, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा.

आता एक बारीक गोष्ट बघायला शिका. कुत्रा पुढचे पाय समोर आणि मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसला असेल, तर तो आडवा दिसतो, पण क्षणात उठायच्या तयारीत असतो. थोड्या वेळानं तो एका कुल्ल्यावर कलंडतो आणि मागचे दोन्ही पाय एका बाजूला येतात. मग हनुवटी जमिनीला टेकते, आणि बरेचदा नाकातून एक मोठा उसासा निघतो. गादी त्याला पटली, याची याहून खात्रीची खूण नाही. हे कलंडणं दिवसाच्या डुलकीत नेमानं दिसायला लागेपर्यंत रात्रीचा विचार करू नका.

त्यानंतर रात्री क्रेटचं दार उघडं ठेवायचं, पण क्रेट आणि गादी यांच्याभोवती घडीचं कुंपण लावून जागा लहानच ठेवायची. ते जमलं की कुंपण काढून खोलीचं दार बंद ठेवायचं. तेही जमलं की मग दार उघडं. क्रेटमधून थेट सगळं घर मोकळं, ही उडी बहुतेक कुत्र्यांना झेपत नाही.

गादी कशी निवडायची?

आधी तो कसा झोपतो ते बघा. मुटकुळं करून झोपणाऱ्याला कडेला उशीसारखा काठ असलेली गोल गादी आवडते, कारण पाठ टेकायला आधार मिळतो. हातपाय पसरून झोपणाऱ्याला सपाट आणि मोठी लागते. तो आडवा पसरलेला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या आणि त्यात १५-२० सेंटीमीटर मिळवा.

वजनदार कुत्र्यांसाठी जाड, घट्ट फोम घ्या. हातानं दाबल्यावर तळहाताला खालची जमीन लागत असेल तर त्याच्या कोपरालाही लागणार. कडक जमिनीवर पडून मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांवर घट्टे पडतात, कधी तिथे पाणी भरून मऊ गाठही येते. खूप केसाळ किंवा सतत उकडणाऱ्या कुत्र्याला जमिनीपासून थोडी उंच, कापड ताणून बसवलेली खाट बरी, कारण खालून हवा खेळते. खोळ निघणारी आणि धुता येणारी हवी, तळ घसरणारा नको. पहिल्याच वेळी महागडी गादी घेऊ नका. आधी जाड दुमडलेल्या चादरीवर काम भागवा आणि तो तिचं काय करतो ते पाहा.

गादी कुठे ठेवावी?

तो दिवसा जिथे आपणहून पडतो, तिथे. भिंतीला टेकून, येण्याजाण्याच्या वाटेत नाही, वाऱ्याच्या झोतात नाही, आणि शक्यतो तुमच्या श्वासाचा आवाज येईल इतक्या जवळ. सुरुवातीला झोपायच्या खोलीत ठेवून नंतर थोडी थोडी सरकवत बाहेर नेता येते. उलटं करणं, म्हणजे पहिल्याच रात्री क्रेटही नाही आणि माणसंही नाहीत, हे त्याच्यावर फार होतं.

खोलीत काय काय आवरायचं?

जमिनीवर बसा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली बघा. चार्जरच्या वायरी, मोजे, केसांचे रबर, लहान मुलांची खेळणी, रिमोटमधले सेल, कचऱ्याचा डबा, सगळं उचला किंवा दाराआड ठेवा. उशाशी ठेवलेल्या गोळ्या सर्वांत आधी: आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही माणसांची रोजची औषधं कुत्र्यासाठी जीवघेणी ठरू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेलं शुगर-फ्री च्युइंग गम यांचंही तेच. पर्समधलं च्युइंग गम तर हमखास विसरलं जातं.

रात्रभर पट्ट्यानं बांधून ठेवणं हा उपाय नाही. झोपेत वळताना पट्टा पायात किंवा गळ्याभोवती अडकतो. तुम्ही जागे असताना, समोर बसून, थोडा वेळ बांधणं वेगळं.

पहिली रात्र कशी न्यावी?

साधी ठेवा. घरात पाहुणे, फटाके, प्रवास असं काही नसलेली रात्र निवडा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर उत्तम. संध्याकाळी चांगलं फिरवून आणा आणि भरपूर हुंगू द्या; हुंगण्यानंही कुत्रा दमतो. झोपायच्या अगदी आधी मात्र चेंडूचा दंगा नको, त्यानं तो चेकाळतो. शेवटची शू तुम्ही दिवे मालवायच्या जरा आधी. मग रोजचाच क्रम: क्रेटच्या वेळी जे शब्द म्हणत होतात, जो खाऊ देत होतात, तेच सगळं, फक्त गादीवर.

क्रेटचं दार उघडं राहू द्या. पहिल्या रात्री थोडी झोपमोड होणार, हे धरून चाला.

रात्री उठून खोलीभर फिरतो. काय करू?

आधी थांबा. एक फेरी मारून, पाणी पिऊन परत येत असेल तर ते त्याचं नेहमीचं जागं होणं आहे. तुम्हाला ते आत्ता दिसतंय एवढंच. बोलू नका, दिवा लावू नका. सतत येरझारा घालत असेल, तर उठून शांतपणे गादीपर्यंत न्या आणि तिथे पडल्यावर हळू आवाजात शाबासकी द्या. दाराशी जाऊन कुईंकुईं करत असेल तर बाहेर न्या, पण फक्त शूसाठी: पट्टा लावून, खेळ नाही, गप्पा नाहीत, आणि लगेच परत.

लागोपाठ रात्री असंच होत राहिलं तर जागा फार लवकर मोठी केली असं समजा. एक पायरी मागे जा. कुत्रा हट्टी आहे किंवा सूड उगवतो आहे असा अर्थ कृपया काढू नका.

गादीवरच शू केली!

एकदा झाली तर धुऊन टाका आणि विसरा. एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. साध्या साबणानं आपल्याला वास येईनासा होतो, पण कुत्र्याला येतच राहतो आणि तो पुन्हा तीच जागा धरतो. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास शूसारखाच असतो.

पूर्ण सवय झालेला कुत्रा अचानक अंथरूण ओलं करायला लागला, वरचेवर थोडी थोडी शू करायला लागला किंवा खूप पाणी प्यायला लागला, तर हा प्रश्न वळणाचा नाही, पशुवैद्याचा आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा त्रास, यांची सुरुवात अशी होऊ शकते. झोपेत नकळत गळत असेल तर तेही डॉक्टरांना तसंच सांगा. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे दिसतं आणि त्यावर औषध असतं.

गादी फाडून ठेवतो.

गादी उचला आणि जुनी चादर द्या. फाडण्यामागे बहुतेकदा दिवसभराचा कंटाळा असतो, म्हणून संध्याकाळचं फिरणं वाढवा, चावायला योग्य वस्तू द्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करा. झोपण्याआधी गादी उकरणं आणि गोल गोल फिरणं हे फाडणं नव्हे. ते बरेच कुत्रे करतात, त्यांना करू द्या.

फोमचा किंवा कापडाचा तुकडा गिळल्याची शंका असेल आणि त्यानंतर उलट्या, अन्नावरची वासना जाणं, शी न होणं, पोट दुखल्यासारखं आखडून बसणं यातलं काही दिसलं, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. आतड्यात अडकलेला तुकडा हा तातडीचा प्रकार आहे.

दार उघडं असूनही तो क्रेटमध्येच जाऊन झोपतो.

झोपू द्या. त्याला जागा निवडायची मुभा मिळाली आणि त्यानं निवडली. क्रेट काढायलाच हवा असेल तर टप्प्यानं काढा: आधी दार, मग वरचं झाकण निघत असेल तर ते, म्हणजे खाली फक्त तळ आणि त्यात त्याची गादी उरते. तारेचा क्रेट असेल तर आतली गादी दर दोन-तीन दिवसांनी वीतभर बाहेर सरकवत न्या.

आमच्या पलंगावर चढतो. चालेल का?

हा निर्णय तुमचा. पलंगावर झोपला की कुत्रा ‘डोक्यावर बसतो’, स्वतःला घरचा मालक समजायला लागतो, असं अजूनही सांगितलं जातं. कळपातल्या म्होरक्याची ही कल्पना १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून पुढे आली. पुढे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानं १९९९मध्ये मांडलं की जंगलातला कळप बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्लं यांचं कुटुंब असतो. म्होरकेपदासाठी तिथे मारामाऱ्या चाललेल्या नसतात. तेव्हा शेजारी झोपलेला कुत्रा सत्ता गाजवत नसतो. त्याला ऊब आणि सोबत हवी असते.

झोपेचं म्हणाल, तर मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या रुग्णालयाचा २०१७चा एक छोटा अभ्यास आहे, ४० माणसांचा. कुत्रा खोलीत असला तरी त्यांची झोप ठीकठाक होती, पलंगावर असला की जरा खालावली. माझा कल म्हणूनच पलंगाशेजारच्या गादीकडे आहे. हात खाली सोडला की पाठीला लागतो इतकी जवळ.

काही घरांत मात्र पलंग नकोच. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांच्या मणक्याला रोजच्या उड्या सोसत नाहीत. तान्हं बाळ, दमा किंवा ॲलर्जी असेल तर नको. आणि उठवल्यावर कुत्रा गुरगुरत असेल तर तूर्त पलंग बंद. त्याला रागावू नका, ओढूही नका. खाऊ दाखवून खाली बोलवा आणि जाणकार प्रशिक्षकाचा सल्ला घ्या. ठरवाल ते एकदाच ठरवा. रविवारी चालतं आणि सोमवारी चालत नाही, हे त्याला कधीच कळणार नाही.

झोपेत हात लावला तर दचकून चावायला येतो.

काही कुत्र्यांची जागं होण्याची तऱ्हाच अशी असते, ग्रेहाउंडमध्ये तर बऱ्याचदा. क्रेटमध्ये त्याच्या अंगाला कुणाचा धक्का लागत नव्हता, आता लागतो. गादी कोपऱ्यात ठेवा, आधी नावानं हाक मारा, डोळे उघडू द्या, मग जवळ जा. घरात मुलं असतील तर ‘झोपलेल्या कुत्र्याला हात नाही’ हा नियम मोडता कामा नये.

घरात दोन कुत्रे आहेत.

एकेकाला सवय लावा. गाद्या दोन, मध्ये अंतर. ते पुढे एकाच गादीवर झोपले तर त्यांची मर्जी.

मोठा कुत्रा दत्तक घेतला आहे. थेट गादी दिली तर?

क्रेट न पाहिलेला कुत्रा क्रेटमध्ये घालायची सक्ती नाही. पण त्याची जुनी सवय तुम्हाला माहीत नसते, म्हणून पहिले काही आठवडे एकच खोली, आवरलेली, आणि तुम्ही त्याच खोलीत. बिचारा नव्या घराच्या आवाजांनाच बिचकत असतो. झोपेचे धडे त्यानंतर.

क्रेटमध्ये त्याचा जीव घाबरा होतो. गादी दिली की सुटेल?

इथे नीट बघावं लागतं. क्रेटचं दार लावल्यावर लाळ गाळणं, सळ्या चावून दात किंवा नखं दुखावून घेणं, न थांबता ओरडणं हे दिसत असेल तर दार लावणं आजपासून बंद करा, वर दिलेल्या पायऱ्यांची वाट बघू नका. मग मोबाइल लावून ठेवून चित्रण करा. तुम्ही घरात असताना मोकळ्या खोलीत तो शांत झोपतो, आणि बाहेर गेल्यावरही शांत राहतो? मग त्रास कोंडल्याचा होता. बाहेर गेल्यावर मोकळ्या खोलीतही तेच चालू राहतं? मग त्रास एकटेपणाचा आहे. गादीनं तो जाणार नाही. त्यासाठी पशुवैद्य आणि वर्तनाचा जाणकार दोघंही लागतात, काही कुत्र्यांना औषधंही लागतात, आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आमचा कुत्रा म्हातारा आहे. इतकी वर्षं क्रेट होता, आता बदलावं का?

सांधे दुखत असतील तर नक्की बदला, पण जागा तीच ठेवा. क्रेट होता त्याच कोपऱ्यात गादी. गादीपर्यंत न घसरणारी चटई टाका, मंद दिवा लावा, पाणी जवळ ठेवा. रात्री उगाच फिरणं, कोपऱ्यात जाऊन अडकणं, भिंतीकडे बघत उभं राहणं, दिवस-रात्र उलटी होणं हे दिसलं तर तपासणी करून घ्या. म्हातारपणी कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो, आणि दुखण्यानंही रात्रीची येरझार सुरू होते. दोन्हींवर काही ना काही करता येतं.

किती दिवस लागतात?

शांत, मोठ्या कुत्र्याला आठवडा पुरतो. वयात येणाऱ्याला महिने लागतील, मध्ये गाडी मागेही जाईल. एका पायरीवर सलग काही रात्री सुरळीत गेल्या की पुढची.

मग क्रेट देऊन टाकू का?

लगेच नको. ऑपरेशननंतर किंवा पाय मोडल्यावर डॉक्टर सक्तीची विश्रांती सांगतात, कधी प्रवास असतो, कधी दवाखान्यात रात्र काढावी लागते. क्रेटची सवय असलेल्या कुत्र्याला अशा वेळी निम्मा त्रास होतो. जागा असेल तर दार उघडं ठेवून एका कडेला राहू द्या आणि अधूनमधून त्याचं जेवण आतच ठेवा. जागा नसेल तर घडी करून ठेवा, पण काही महिन्यांनी एखाद्या दुपारी बाहेर काढून उभा करा आणि आत चार तुकडे टाका.